कवडीनें विकत घेतलेल्या माणसांचे देव

(एका गांवच्या वाचनालयांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें भाषण)



आज मी तुम्हांस एका दूरच्या बेटावरील कष्टकरी लोकांच्या धर्माची हकीकत सांगणार आहें. त्या बेटाचें नांव क्यूबा. तें अमेरिका खंडाजवळ समुद्रांत आहे. ह्या धर्मास जग सान्तेरिया म्हणतें. सान्तेरिया म्हणजे संतांच्या मूर्तींचें वेड. हें नांव बाहेरच्यांनीं हिणवण्यासाठीं ठेवलें आणि पुढें तेंच रूढ झालें. ते लोक स्वतः आपल्या धर्मास ओचाचा नेम किंवा लुकुमी धर्म म्हणतात.

ह्या भाषणाची दवंडी झाली तेव्हां वेशीजवळ एका गृहस्थांनीं मला हटकलें. म्हणाले, "सातासमुद्रापलीकडचीं भुतेंखेतें आमच्या माथीं कशाला मारतां? ते लोक कोंबडीं कापतात, अंगांत आणतात, कवड्या फेकतात. त्यांत ऐकण्यासारखें काय आहे?" मी म्हणालों, "दादा, तुम्ही सांगतां तें सगळें खरें आहे. पण दारावरचें तोरण पाहून घरांतल्या माणसांची पारख होत नाहीं. आंत येऊन बसा, मग बोलूं." ते गृहस्थ आज समोरच बसले आहेत, ह्याचा मला आनंद वाटतो.

बंधूंनो, ज्यांनीं ऊस लावला आहे त्यांस ऊस म्हणजे काय तें सांगायला नको. तोडायचा, मोळ्या वाहायच्या, चरकांत घालायचा, रस आटवायचा, आणि तोडलेला ऊस वाळण्याच्या आधीं हें सारें उरकायचें. आपल्याकडे गुऱ्हाळ लागलें म्हणजे माणसास रात्र कळत नाहीं कीं दिवस कळत नाहीं. आतां असें समजा कीं हें गुऱ्हाळ महिनेच्या महिने चाललें आहे, मजुरी नाहीं, पाठीवर कोरडा आहे, दिवसाचे सोळा-अठरा तास काम आहे, आणि रात्रीं सगळ्यांना एका लांबलचक चाळींत कोंडून बाहेरून कुलूप लावलें आहे. क्यूबांतल्या साखरेच्या मळ्यांवर असेंच चाले. हा धर्म अशा ठिकाणीं वाढला, हें आधीं ध्यानांत ठेवा.

क्यूबाशेजारच्या बेटावर फ्रेंच लोकांची एक वसाहत होती आणि तेथें अफाट साखर होई. १७९१ सालीं तेथल्या गुलामांनीं बंड केलें आणि झगडून झगडून १८०४ सालीं हैती नांवाचें स्वतंत्र राज्य उभारलें. बाजार मोकळा झालेला पाहतांच क्यूबांतले स्पॅनिश मळेवाले पुढें सरसावले. ऊस वाढला तसे गुलाम वाढले. सबंध व्यापाराच्या काळांत क्यूबांत उतरविलेल्या आफ्रिकन माणसांची संख्या सात ते आठ लाखांच्या घरांत जाते, आणि त्यांतले बहुतेक १७९० नंतरचे आहेत. १८२० पासून स्पेननें हा व्यापार कायद्यानें बंद केला होता. पण कायदा कचेरींत आणि जहाजें किनाऱ्याला! १८६० नंतरहि कांहीं वर्षें तो चोरून चालूच राहिला. क्यूबांतलें दास्य संपलें तें १८८६ सालीं.

ह्या माणसांत योरुबा लोक पुष्कळ होते. आजच्या नायजेरिया देशाचा नैर्ऋत्य भाग आणि लगतचा बेनिन हा त्यांचा मुलूख. तेथें ओयो नांवाचें मोठें राज्य होतें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तें मोडलें, लढाया माजल्या, आणि लढाईंत धरलेलीं माणसें किनाऱ्यावर नेऊन विकलीं गेलीं. शेतकरी, लोहार, विणकर, सुईणी, वैदू, ढोल वाजविणारे आणि देवांचे पुजारी, सगळे एकाच दोरींत बांधले गेले. क्यूबांत ह्या लोकांस लुकुमी म्हणूं लागले.

माणसाची किंमत कशांत मोजली जाई, ठाऊक आहे? बंदूक, दारू, लोखंडाचे गज हे तर होतेच; आपल्या हिंदुस्थानांत विणलेलें सुती कापडहि त्या सौद्यांत जाई. आणि जात असत कवड्या. होय, कवड्या! तुळजाभवानीच्या आराध्याच्या गळ्यांत ज्यांची माळ असते त्याच. मालदीव बेटांच्या समुद्रांत त्या निपजत, बंगाल-सिंहलद्वीपच्या वाटेनें युरोपांत जात, आणि तेथून जहाजें भरभरून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर येत. त्या किनाऱ्यावर कवडी हेंच नाणें होतें. आपण "कवडीमोल" म्हणतों तें बोलण्यापुरतें. तेथें जिवंत माणूस खरोखरीच कवड्या मोजून घेतला जात होता. ही कवडी विसरूं नका. ती पुढें पुन्हां भेटणार आहे.

जहाजावर चढलेल्या माणसाचें काय राहिलें? गांव गेलें, शेत गेलें, आईबाप गेले, लेंकरें गेलीं. क्यूबांत उतरल्यावर पाद्र्यानें पाणी शिंपडून त्याचें नांवहि बदललें. आतां तो पेद्रो किंवा होसे, आणि आडनांवाच्या जागीं लुकुमी. मालकाच्या वहींत तो बैलाशेजारीं मांडला गेला. सगळें हिरावून घेतलें. राहिलें तेवढें डोक्यांत आणि कंठांत. त्या उरलेल्यावर त्यानें नवें घर बांधलें.

पहिलें नातें जहाजांतच जडलें. एका जहाजांतून आलेले लोक एकमेकांस "काराबेला" म्हणत आणि रक्ताच्या भावंडासारखे जपत. दुसरें नातें शहरांत जडलें. हवाना, मातान्सास वगैरे शहरांत एका मुलखांतून आलेल्या आफ्रिकन लोकांच्या मंडळ्या असत. त्यांस काबिल्दो म्हणत. सरकारनें त्या चालूं दिल्या, कारण लोक आपापल्या मुलखाप्रमाणें वेगवेगळे राहिले तर एक होणार नाहींत असा त्याचा हिशेब होता. पण ह्या मंडळ्यांनीं काय केलें पहा. वर्गणी जमवली, आजाऱ्याची शुश्रूषा केली, मेलेल्यास माणसासारखें पुरलें. क्यूबांत गुलामास आपली किंमत हप्त्याहप्त्यानें भरून सुटका करून घेतां येत असे. त्या कामींहि ह्या मंडळ्यांनीं हात दिला. प्रत्येक मंडळीस एक ख्रिस्ती संत आश्रयदाता म्हणून घ्यावा लागे. त्या संताच्या सणाला ढोल वाजत, नाच होत. दर सहा जानेवारीस तर हवानाच्या रस्त्यांतून सगळ्या मंडळ्या वाजतगाजत जात. आणि त्याच ढोलांवर, साहेबाच्या डोळ्यांदेखत, आफ्रिकेंतले देव क्यूबांत जागे राहिले.

नुसता नाचच झाला असें नव्हे. होसे आन्तोनियो आपोन्ते नांवाचा एक स्वतंत्र काळा सुतार हवानांत राहत असे. दास्य मोडण्याचा कट केला म्हणून १८१२ सालीं त्यास फांशी दिलें. त्यानें एक चित्रांची वही केली होती. तींत काळे राजे, काळे शिपाई रंगविले होते. तीच सरकारनें त्याच्यावर पुरावा म्हणून धरली! त्या उठावांत कांहीं काबिल्दोंचे सभासद होते. मालक देवळास भीत नव्हता, मंडळीस भीत होता. जेथें माणसें एकत्र बसतात तेथें ती एकमेकांचें दुःख ओळखतात.

आतां त्यांचे देव पाहूं. सर्वांच्या वर एक परमेश्वर, ओलोदुमारे. त्याचें देऊळ नाहीं, त्यास बळी नाहीं. तो दूर आहे. रोजच्या सुखदुःखाला जवळचे देव लागतात, त्यांस ओरिशा म्हणतात. प्रत्येकाचा रंग वेगळा, अन्न वेगळें, झाडपाला वेगळा, ढोलाचा ठेका वेगळा. आणि जगांत सर्वत्र जी शक्ति खेळते तिला आचे म्हणतात. ती दगडांत आहे, पाल्यांत आहे, रक्तांत आहे, बोललेल्या शब्दांतहि आहे.

एलेग्वा हा वाटेचा आणि तिठ्याचा देव. दाराआड त्याची दगडाची किंवा सिमेंटची मुंडी असते, तिला कवड्यांचे डोळे आणि कवडीचें तोंड. कोणतेंहि कार्य असो, पहिला मान त्याचा. तो वाट उघडतो, आणि विसरलांत तर वाट अडवतो. आपल्याकडे आरंभीं गणपति पूजतात, म्हणून हें समजायला तुम्हांस जड जाणार नाहीं.

ओबातला पांढऱ्या वस्त्रांचा, शांत, माणसाचा देह घडविणारा. येमाया समुद्राची आई, तिचा रंग निळा. ओचुन गोड्या पाण्याची, नदीची देवी. तिला पिवळा रंग, पितळ आणि मध प्रिय. चांगो विजेचा आणि ढोलाचा देव. तो ओयोचा राजा होता असें सांगतात. बाबालू आये रोगराईचा देव. देवीची साथ आणणारा तोच आणि घालविणाराहि तोच. आपल्या मरीआईची आठवण झाली ना?

आणि ओगुन! लोहार मंडळींनीं कान द्यावा. ओगुन लोखंडाचा देव. त्याची मूर्ति नसते. एका लोखंडी कढईंत हातोडी, ऐरण, कोयता, खिळे, नाल, साखळी असलीं हत्यारें ठेवतात, तोच देव. आपण दसऱ्याला हत्यारें पुजतों, त्यांतलाच भाव. त्याची एक गोष्ट सांगतात. ओगुन एकदां जगावर रुसला आणि रानांत जाऊन बसला. भाता बंद, ऐरण बंद. नांगराला फाळ नाहीं, विळ्याला धार नाहीं. सगळे देव एकामागून एक त्याला आणायला गेले. कोणी हुकूम केला, कोणी धमकावलें. त्यानें कोणासहि जुमानलें नाहीं. शेवटीं ओचुन गेली. ती बोलली नाहीं. दूर उभी राहून नाचूं लागली. तो पाहायला जवळ आला तशी तिनें त्याच्या ओठांना मध लावला, आणि पावलापावलानें त्यास गांवांत आणलें. गोष्टीचा अर्थ काय? कारागिराच्या हातावांचून देवांचेंहि अडतें. आणि तो हात हुकमानें नव्हे, मानानें आणि गोडीनें हालतो. ही गोष्ट सांगणाऱ्यांच्या पाठीवर कोरड्याचे वळ होते, हें लक्षांत आणा म्हणजे तिची किंमत कळेल.

मग ख्रिस्ती संतांचें काय? मालकाच्या देवळांत सांता बार्बारा नांवाच्या संतिणीचें चित्र होतें. लाल झगा, हातांत तलवार. तिला मारणाऱ्या बापावर वीज पडली अशी कथा. लुकुमी माणसानें पाहिलें: लाल रंग, शस्त्र, वीज! हा तर आमचा चांगो. हवानाच्या बंदरावर रेग्ला गांवीं सांवळी मेरीमाता निळ्या वस्त्रांत समुद्राकडे तोंड करून उभी. ती येमाया झाली. पूर्वेकडे एल कोब्रे हें तांब्याच्या खाणीचें गांव. तेथें राजाचे गुलाम खाणींत राबत. त्यांनीं पिढ्यान् पिढ्या भांडून १८०१ सालीं आपली सुटका मिळवली. तेथली मेरीमाता ती ओचुन. १९१६ सालीं रोमच्या पोपनें ह्याच मातेला सबंध क्यूबाची आश्रयदाती ठरविली. काठीच्या आधारानें चालणारा, ज्याचे फोड कुत्रे चाटतात असा बायबलांतल्या दृष्टांतांतला भिकारी लाझार, तो बाबालू आये झाला.

कांहीं म्हणतात, संत हा नुसता बुरखा. आंत आफ्रिकन देव लपविले. हें कांहीं अंशीं खरें. पण तेवढेंच खरें असतें तर दास्य संपल्यावर बुरखा फेकून दिला असता. तसें झालें नाहीं. दरसाल सतरा डिसेंबरला हवानाजवळच्या एल रिंकोन येथें लाझाराच्या देवळाशीं हजारों लोक जातात. गोणपाट नेसून, गुडघ्यांवर रांगत, कोणी लोटांगण घालीत, कोणी पायाला दगड बांधून ओढीत. शेजारींच कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे. त्या गर्दींतल्या म्हातारीस विचारा कीं तूं संताला आलीस कीं देवाला? ती तुमच्याकडे पाहून हंसेल. दोन घरचें पाणी एका घागरींत पडलें म्हणजे कोणतें कोणाचें तें निवडतां येत नाहीं. आतां कांहीं मंडळी संतांस वगळून केवळ योरुबा रीतीनेंच चालावें असेंहि म्हणतात. तो त्यांच्या घरचा वाद आहे.

आतां रीतिभाती. देवास साधी गोष्ट विचारायची तर नारळाचे चार तुकडे टाकतात. किती पांढऱ्या बाजूनें पडले आणि किती काळ्या बाजूनें, त्यावरून होय-नाहीं ठरतें. दोन पांढरे, दोन काळे पडले कीं पक्कें होय. कोंकणांत कौल लावतात तसेंच हें. मूळ आफ्रिकेंत ह्यासाठीं कोलाचें फळ घेत. क्यूबांत नारळ हातीं आला, त्यावर भागवलें. मोठा प्रश्न असेल तर सोळा कवड्या टाकतात. किती कवड्यांचीं तोंडें वर आलीं तें मोजतात. प्रत्येक आंकड्याच्या कथा आहेत, म्हणी आहेत. त्या सांगणाऱ्यास पाठ असाव्या लागतात. कथा ऐकून विचारणाऱ्यानें आपल्या वागण्याचा विचार करायचा. ह्याहून खोल विद्या इफाची. ती बाबालाओ म्हणजे इफाचे जाणते चालवितात. तींत २५६ खुणा आहेत आणि प्रत्येकीच्या अनेक कथा. नायजेरियांतल्या इफाला युनेस्कोनें मानवजातीचा ठेवा म्हणून २००५ सालीं गौरविलें.

बंधूंनो, ती कवडी आठवते ना? जिच्या मोबदल्यांत आजा विकला गेला, त्याच कवडीच्या तोंडून आज नातवाशीं देव बोलतो. व्यापाऱ्यानें ती माणूस मोजण्यासाठीं आणली होती. ह्या लोकांनीं तिची जीभ केली.

दीक्षेची रीत ऐका. देव माणसाच्या डोक्यावर बसवितात. डोकें भादरतात, पाल्याच्या पाण्यानें धुतात, आणि त्यास सात दिवस घरांतल्या खोलींत ठेवतात. देवाचे दगड झांकणाच्या चिनी भांड्यांत असतात. ते दगड म्हणजे आपल्या देवीच्या तांदळ्यासारखे. मग एक वर्ष त्या माणसानें पांढरेंच नेसायचें, डोकें झांकायचें, रात्रीं भटकायचें नाहीं, चटईवर बसून आपल्याच ताटांत जेवायचें. पहिले कांहीं महिने आरशांत पाहायचें नाहीं. पुरुष असो, बाई असो, त्याला "इयावो" म्हणजे नवी नवरी म्हणतात. दीक्षा देणारा धर्मबाप किंवा धर्मआई, बरोबरचे ते धर्मभाऊ आणि धर्मबहिणी. ह्या सगळ्यांचें मिळून एक घर. त्यास त्यांच्या भाषेंतहि घरच म्हणतात.

येथें एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ह्या घरांत वय जन्मापासून मोजत नाहींत, दीक्षेपासून मोजतात. वीस वर्षांच्या पोरीची दीक्षा आधीं झाली असेल, तर साठ वर्षांच्या नव्या माणसानें तिच्यापुढें जमिनीवर पालथें पडून नमस्कार करायचा. तो गोरा असो, शिकलेला असो, पैसेवाला असो. आज ह्या धर्मांत गोरे लोकहि पुष्कळ आहेत, आणि धुणें धुणाऱ्या काळ्या म्हातारीच्या पायाशीं ते डोकें ठेवतात. अधिकार रक्तानें येत नाहीं, कातडीच्या रंगानें येत नाहीं; दीक्षेनें, सेवेनें आणि पाठांतरानें येतो. बायका येथें घराच्या मुख्य असतात. एकोणिसाव्या शतकांत हवानांत एफुनचे आणि लातुआन ह्या बायांनीं दीक्षेची परंपरा बसविली असें तेथले लोक मानतात.

देवाची आळवणी ढोलावर होते. बाता नांवाचे तीन ढोल, दोन्ही बाजूंनीं वाजणारे. सर्वांत मोठ्याचें नांव इया म्हणजे आई. ठेका बरोबर लागला कीं कोणाच्या अंगांत देव येतो. तो नाचतो, बोलतो, रडणाऱ्यास पोटाशीं धरतो. आपल्या जागरण-गोंधळांत जें पाहिलें आहे त्याहून हें फार निराळें नाहीं.

बळीविषयीं बोलायचें टाळत नाहीं. कोंबडीं, बकरीं कापतात, रक्त देवाच्या दगडावर जातें, आणि मांस शिजवून सगळे मिळून जेवतात. फक्त रोग-इडापिडा उतरविलेल्या जनावराचें खात नाहींत. ह्यावरून अमेरिकेंत खटला झाला. फ्लोरिडा प्रांतांत हायलिया नांवाचें शहर आहे. तेथें क्यूबांतून आलेले लोक पुष्कळ. १९८७ सालीं तेथें ह्या धर्माचें उघड देवालय निघणार म्हणतांच नगरपालिकेनें बळीच्या बंदीचे ठराव भराभर केले. खाटीकखाना चालूं, शिकार चालूं, मासेमारी चालूं. बंदी फक्त ह्यांच्या देवापुढच्या कोंबड्याला! खटला वरिष्ठ कोर्टापर्यंत गेला. ११ जून १९९३ रोजीं नऊच्या नऊ न्यायाधीशांनीं ठराव रद्द ठरविले. बळी चांगला कीं वाईट हें कोर्टानें सांगितलें नाहीं. एवढेंच सांगितलें कीं जनावरांची दया असेल तर कायदा सर्वांस सारखा लावा. एकाच्याच देवावर रोख धरून कायदा करतां येणार नाहीं. बळी तुम्हांला पटो न पटो, हा न्याय पटायला हरकत नाहीं.

ह्याच्या आधीं त्यांनीं बरेंच सोसलें आहे. १९०२ सालीं क्यूबा स्वतंत्र म्हणवूं लागला. स्वातंत्र्याच्या लढाईंत काळे शिपाई हजारोंनीं लढले होते. पण राज्य हातीं येतांच वर्तमानपत्रें ह्या धर्मास चेटूक म्हणूं लागलीं, पोलीस घरांत शिरून ढोल आणि देव जप्त करूं लागले. काळ्या लोकांनीं आपला राजकीय पक्ष काढला होता; १९१२ सालीं तो उठला तेव्हां सरकारनें फौज पाठवून हजारों माणसें मारलीं. फेर्नान्दो ओर्तिस नांवाचे एक मोठे विद्वान होते. १९०६ सालीं त्यांनीं ह्या लोकांवर पुस्तक लिहिलें तें गुन्हेगार म्हणून. परंतु ते अभ्यास करीत राहिले, लोकांत बसूं लागले, आणि हळूहळू त्यांचें मत पालटलें. १९३० च्या दशकांत त्यांनींच बाता ढोल वाजविणाऱ्यांस सन्मानानें व्याख्यानपीठावर आणलें. विद्वानानें आपली चूक सुधारली, हें त्यास भूषणच आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर पुन्हां दिवस पालटले. गरिबांस शाळा, दवाखाने मिळाले, पण कोणताहि धर्म पाळणारास सत्ताधारी पक्षांत जागा नव्हती. ती अट १९९१ सालीं गेली, आणि १९९२ सालीं घटना बदलून राज्य निरीश्वरवादी न म्हणवतां धर्मनिरपेक्ष म्हणवूं लागलें.

आतां दोषहि सांगतों, नाहींतर मी एकाच ताजव्यानें तोललें असें व्हायचें. दीक्षेला खर्च फार येतो. गरिबाची वर्षांची कमाई त्यांत जाते. परदेशी प्रवाशांस पैसे घेऊन झटपट दीक्षा देणारेहि निघाले आहेत, आणि खरे जाणते त्यांच्यावर चिडतात. इफाची विद्या बहुतेक ठिकाणीं पुरुषांनीं आपल्याच हातीं ठेवली आहे. अलीकडे क्यूबांत कांहीं बायांना ती दीक्षा दिली गेली, तेव्हां केवढा गहजब झाला! भीति घालून पैसा उकळणारे तेथेंहि आहेत. ज्या घराच्या पायांत वर्गणी काढून गुलाम सोडविण्याचें पुण्य आहे, त्याच घरांत देवाच्या नांवावर कर्ज व्हावें, ह्यासारखी लाजेची गोष्ट नाहीं. हें मी बाहेरून म्हणतों असें नव्हे. त्यांच्यांतले प्रामाणिक लोकच असें म्हणतात.

शेवटीं एकच गोष्ट सांगतों. त्यांच्या प्रत्येक कार्याच्या आरंभीं, देवाच्याहि आधीं, मेलेल्या वाडवडिलांचीं नांवें घेतात. नुसते रक्ताचे वडील नव्हेत. ज्यांनीं ज्यांना दीक्षा दिली, त्यांना ज्यांनीं दिली, अशी मागें मागें जाणारी ओळ. जमिनीवर पाणी शिंपडीत एकेक नांव उच्चारतात. आदेचिना नांवाचा एक माणूस आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणला गेला. मालकाच्या कागदांत तो रेमिहियो एर्रेरा. सुटल्यावर रेग्ला गांवीं राहिला, इफाचा मोठा जाणता झाला, आणि १९०५ सालीं वारला. त्याची मुलगी होसेफा हिनें त्याची मंडळी पुढें चालविली. आज त्या परंपरेंतल्या घरोघरीं पाणी शिंपडून आदेचिना हेंच नांव घेतात. पाद्र्यानें दिलेलें नव्हे, आईनें ओळखलें असतें तें.

त्याच्या मालकाचें नांव कोणी घेत नाहीं.

दादा, तुम्ही वेशीजवळ विचारलें होतें, त्यांत ऐकण्यासारखें काय आहे? एवढेंच आहे. माणसाचें सर्व कांहीं लुटतां येतें. पण लुटलेलीं माणसें एका चटईवर बसलीं, त्यांनीं एकमेकांस आई-बाप-भाऊ म्हटलें, आणि मेलेल्यांचीं नांवें लेंकरांच्या तोंडीं दिलीं, तर त्यांच्यांतलें माणूसपण कोणालाहि लुटतां येत नाहीं. म्हणून कोणाच्या देवाला भूत म्हणण्याआधीं, तो देव कोणत्या अंधारांत कोणाच्या उशाशीं जागला, हें विचारीत जा. घरीं गेल्यावर ज्यांचीं नांवें तुम्हांस ठाऊक आहेत तेवढ्या आज्या-पणज्यांचीं नांवें आज मुलांना सांगा.